वारसा आणि वाणी : कॅनडातील फ्रेंच

एखाद्या भाषेचा वारसा जपणे आणि ती भाषा जगवणे ह्या दोन गोष्टी एकच होत, असे धरून चालण्याचा सर्वत्र प्रघात आहे. जुनी गाणी गोळा करावीत, पूर्वजांचे सण पाळावेत, ग्रंथांच्या आवृत्त्या काढाव्यात, मुलांना शुद्ध उच्चार शिकवावेत, एवढे झाले की भाषेविषयीचे कर्तव्य पार पडले, अशी ही समजूत असते. परंतु जी भाषा पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या बलाढ्य भाषेच्या वेढ्यात राहिली आहे तिचा इतिहास पाहू लागले, की ही समजूत पारखून घ्यावी लागते. कॅनडातील फ्रेंच भाषेचा इतिहास ह्या दृष्टीने विशेष बोधप्रद आहे. २०२१ च्या जनगणनेनुसार इंग्रजी बहुसंख्येच्या ह्या देशात दर पाच माणसांमागे साधारणतः एक फ्रेंच भाषिक आहे. क्वेबेक प्रांतात ते बहुसंख्य आहेत, न्यू ब्रन्सविक प्रांतात सुमारे तीस टक्के आहेत, आणि उरलेले इतर प्रांतांत विखुरलेले आहेत. फ्रान्सची सत्ता जाऊन अडीचशेहून अधिक वर्षे लोटल्यावरही ही भाषा टिकली. ती कशी टिकली हा जितका महत्त्वाचा प्रश्न आहे तितकाच, ती नुसती टिकण्याऐवजी बोलू लागली केव्हा, हाही आहे.

१६०८ साली सेंट लॉरेन्स नदीच्या काठी शाँप्लँ ह्याने क्वेबेकची वसाहत वसवली. १७५९ च्या सप्टेंबरात त्याच नगराबाहेरील पठारावर इंग्रजांनी फ्रेंच सैन्याचा पराभव केला आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहाने कॅनडा इंग्रजांच्या स्वाधीन झाला. हाच तह भारतीय वाचकांना दुसऱ्या एका कारणाने परिचित आहे. त्यान्वये पाँडिचेरी आणि चंद्रनगर फ्रान्सला परत मिळाली. एकाच कागदावरील सह्यांनी एका खंडात फ्रेंच भाषेचे एक लहानसे ठाणे राखले आणि दुसऱ्या खंडात सुमारे सत्तर हजार फ्रेंच भाषिकांना परक्या राजाची प्रजा केले. ज्यांना शक्य होते असे अनेक अधिकारी व व्यापारी मायदेशी परतले. मागे उरले ते मुख्यतः शेतकरी आणि धर्मगुरू. १७७४ च्या कायद्याने त्यांचा कॅथलिक धर्म आणि दिवाणी व्यवहारातील फ्रेंच कायदा ह्यांना अभय दिले, परंतु भाषेला असे स्पष्ट संरक्षण दिले नाही. ती चर्चच्या सावलीत आणि शेताच्या बांधावर आपली आपण राहिली.

ह्या लोकांना आपल्या भाषेविषयी प्रथम जाग आणली ती एका अपमानाने. १८३७-३८ मध्ये झालेल्या उठावांची चौकशी करण्यासाठी आलेल्या लॉर्ड डरहॅमने १८३९ साली आपला अहवाल सादर केला. ह्या समाजाला इतिहास नाही आणि वाङ्मयही नाही, असा निर्वाळा त्यात होता. सबब त्याने इंग्रजी समाजात विलीन व्हावे, ह्यातच त्याचे हित आहे, असा निष्कर्षही होता. १८४० च्या कायद्याने विधिमंडळाच्या अधिकृत दप्तरातून फ्रेंचचा उच्चाटन-विधीही उरकला गेला. ती भाषा तेथे परत यावयास १८४८ साल उजाडावे लागले.

राजकारणाचे उत्तर राजकारणाने दिले गेले. वाङ्मयाचे उत्तर फ्रान्स्वा-झाव्हिए गार्नो ह्याने दिले. पेशाने नोटरी असलेल्या ह्या गृहस्थाने कॅनडाचा इतिहास लिहावयास घेतला आणि त्याचा पहिला खंड १८४५ साली प्रसिद्ध केला. इतिहास नाही म्हणणाऱ्यांपुढे त्याने इतिहासच मांडला. पुढे १८६३ साली फिलिप ओबेर द गास्पे ह्याने वयाच्या शहात्तराव्या वर्षी 'ले झांसियँ कानादियँ', म्हणजे 'जुने कॅनडावासी', ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि पराभवापूर्वीच्या जीवनाचे रीतिरिवाज, गाणी व आख्यायिका तिच्यात साठवून ठेवल्या. ह्या दोन्ही ग्रंथांचे मोल मोठे आहे. परंतु येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आरोप होता वर्तमानावर; उत्तर आले ते भूतकाळाच्या मुखाने. तुम्ही कोणी नाही, असे म्हणणाऱ्याला, आम्ही कोणी एक होतो, असे सांगितले गेले. त्यानंतरच्या जवळजवळ शंभर वर्षांच्या वाङ्मयावर ह्या उत्तराची छाया पडली.

त्या काळातील वृत्तीला फ्रेंच कॅनडात 'सुर्व्हिव्हांस' असे नाव आहे. तग धरून राहणे, असा त्याचा अर्थ. जमीन, धर्म आणि भाषा ही तिची त्रयी होय. शहर म्हणजे इंग्रजी, शहर म्हणजे भ्रष्टता, म्हणून नांगर सोडू नये. नांगर सुटला तर चर्च सुटेल आणि चर्च सुटले तर भाषा सुटेल, असा हा विचार. त्याचे सर्वांत सुंदर वाङ्मयीन रूप मात्र एका परक्याने निर्माण केले. फ्रान्समधील ब्रेस्त येथे जन्मलेला लुई एमों १९११ साली कॅनडात आला, त्याने सरहद्दीवरील एका शेतकरी कुटुंबावर 'मारिया शापद्लेन' ही कादंबरी लिहिली आणि ती छापली जाण्यापूर्वीच, १९१३ साली, आगगाडीखाली सापडून तो मरण पावला. १९१४ मध्ये ती पॅरिसच्या एका दैनिकातून क्रमशः आली. नायिकेपुढे दोन वाटा असतात. एक वाट अमेरिकेतील गिरणीच्या शहराकडे जाते, दुसरी आईने उपसलेल्या कष्टांकडे. अखेरीस भूमीचा आणि पूर्वजांचा आवाज तिला ऐकू येतो आणि ती दुसरी वाट पत्करते. ह्या कादंबरीने जगाला फ्रेंच कॅनडाची ओळख करून दिली. पण ती ओळख न बदलणाऱ्या समाजाची होती, आणि समाज तर बदलत चालला होता. १९२१ च्या जनगणनेत क्वेबेकची निम्म्याहून अधिक वस्ती शहरी ठरली. नांगर कधीच सुटला होता. कादंबरी तो धरून बसली होती.

शहरातील फ्रेंच माणसाला वाङ्मयात आणले ते गाब्रिएल रुआ हिने, आणि ती क्वेबेकची नव्हे तर दूरच्या मॅनिटोबा प्रांताची होती, हा योगायोग नव्हे. १९०९ साली तिचा जन्म झाला तो सेंट बॉनिफेस येथे. हे फ्रेंच गाव आणि विनिपेग हे इंग्रजी शहर ह्यांच्यामध्ये फक्त एक नदी व एक पूल. ज्या प्रांताच्या स्थापनेत फ्रेंच बोलणाऱ्या मेती लोकांचा पुढाकार होता, त्याच प्रांताने १८९० साली फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा काढून घेतला आणि १९१६ साली शाळांतून तिचे माध्यम बंद केले. फ्रेंच वस्तीतील शाळांनी ती चोरून शिकवणे चालू ठेवले. तपासनीस येण्याची चाहूल लागली की फ्रेंच पुस्तके दृष्टिआड होत. रुआच्या मरणोत्तर, १९८४ साली, प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचा प्रारंभच पूल ओलांडून आईबरोबर खरेदीला जाण्याच्या आठवणीने होतो. घरी बोलकी आणि डौलदार असलेली आई दुकानात शिरताच अवघडून जाते. ज्या दिवशी मनात जोर असेल त्या दिवशी ती फ्रेंच जाणणारा विक्रेता मागते, नसेल त्या दिवशी मोडक्या इंग्रजीत निभावून नेते. भाषेचा वारसा म्हणजे काय, हे एखाद्या ग्रंथालयापेक्षा त्या दुकानातील क्षणभराच्या अडखळण्यात अधिक स्पष्टपणे दिसते.

१९४५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या 'बोनर दोकाझ्यों' ह्या कादंबरीला दोन वर्षांनी फ्रान्समधील फेमिना पुरस्कार मिळाला. शीर्षकाचा अर्थ जुन्या बाजारात मिळणारे, वापरून उतरलेले सुख. इंग्रजी अनुवादिकेला हा अर्थ पेलला नाही, किंवा पेलावयाचा नव्हता. तिने एका आजारी मुलाच्या खेळण्यावरून पुस्तकाला 'पत्र्याची बासरी' असे नाव दिले. हा मुलगा, दानिएल, माँट्रियलच्या सेंट हेन्री ह्या गरीब मजूरवस्तीतला. तो डोंगरावरील इस्पितळात मरणाच्या वाटेवर आहे. आई भेटावयास जाते तेव्हा तिला कळते की, मुलाचा जीव एका इंग्रजी परिचारिकेवर जडला आहे. ती परिचारिका प्रेमळ आहे, मुलाला हवे ते सगळे देते. पण तिची भाषा आईला येत नाही. ह्या प्रसंगात कोणी कोणाचा अपमान करीत नाही, कोणी दुष्ट नाही. तरीही आपल्याच शहरात, आपल्याच मुलाच्या उशाशी, एका आईला मुक्याने बसावे लागते. डरहॅमच्या अहवालाला दिलेले हे पहिले असे उत्तर होय की ज्यात पूर्वजांना साक्षीस बोलावलेले नाही.

तथापि रुआची निवेदनाची भाषा प्रमाण फ्रेंचच होती. मजूरवस्तीतील बोली तिच्या संवादांत डोकावते, पण पुस्तकाची मालकीण होत नाही. ती बोली म्हणजे 'झुआल'. घोड्याला फ्रेंचमध्ये 'शव्हाल' म्हणतात. माँट्रियलच्या गल्लीत त्याचा उच्चार 'झुआल' असा होई, आणि ह्या एका शब्दावरून सगळ्या बोलीलाच हे हिणवणीचे नाव पडले. जुने ग्रामीण उच्चार, गिळलेली अक्षरे आणि कारखान्यातून आलेले इंग्रजी शब्द ह्यांचे ते मिश्रण होते. १९५९ साली 'ल दव्वार' ह्या दैनिकात आंद्रे लोरांदो ह्याने त्याविषयी खंत व्यक्त केली. ती वाचून झाँ-पोल देब्यँ ह्या शिक्षक-धर्मबंधूने टोपणनावाने पत्रे लिहिली आणि १९६० साली त्यांचे पुस्तक निघताच त्याच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या. देब्यँचे निदान मार्मिक होते. मुलांची भाषा बिघडली आहे, कारण त्यांचे जिणेच दुबळे झाले आहे, असा त्याचा आशय. उपाय मात्र त्याला भाषाशुद्धीत दिसत होता.

आठ वर्षांनी रंगभूमीने ह्या निदानाला अनपेक्षित कलाटणी दिली. २८ ऑगस्ट १९६८ रोजी माँट्रियल येथे मिशेल त्राम्ब्ले ह्या सव्वीस वर्षांच्या नाटककाराचे 'ले बेल-सर' हे नाटक प्रथम रंगमंचावर आले. एका गृहिणीला दुकानाच्या बक्षीस-योजनेत दहा लाख तिकिटे मिळतात. ती वहीत चिकटवण्यासाठी ती शेजारणी-पाजारणी व नात्यातील बायकांना घरी बोलावते. पंधरा बायका, एक स्वयंपाकघर. चिकटवण्याच्या निमित्ताने त्या आपापल्या आयुष्याचे पाढे वाचतात आणि मत्सराने तिकिटे चोरतात. ह्या साऱ्या जणी झुआलमध्येच बोलतात. टीकाकारांपैकी काहींना ही अभिरुचीची हत्या वाटली. पण प्रेक्षकांनी जे ऐकले ते निराळे होते. ज्या बोलीत आजवर फक्त विनोदी पात्राने बोलावे, तिच्यात येथे शोककथा बोलत होती. बोली दुबळ्या जिण्याचे लक्षण आहे हे देब्यँचे म्हणणे त्राम्ब्लेने खोडले नाही; ते जिणे दाखवावयाचे तर त्याच्याच जिभेने दाखवले पाहिजे, एवढेच त्याने सिद्ध केले. १९७३ मध्ये पॅरिसनेही हे नाटक पाहिले आणि वाखाणले.

अनुवादाच्या दृष्टीने ह्या नाटकाची कथा मननीय आहे. 'बेल-सर' ह्या एका फ्रेंच शब्दात मराठीतील जाऊ, नणंद, वहिनी, मेहुणी ही सारी नाती सामावतात. मराठीत हे नाव 'जावा-नणंदा' असे आणता येईल आणि त्यातील घरगुती खडाष्टक मूळच्या शब्दापेक्षा अधिकच उमटेल. इंग्रजी अनुवादकांनी मूळ फ्रेंच नावच कायम ठेवले. खरी अडचण नावाची नव्हती, भाषेची होती. झुआलची सारी धार ज्या भाषेच्या दबावातून आली, त्याच इंग्रजीत ती उतरवली की दबावच नाहीसा होतो. ह्यातून वाट काढली ती स्कॉटलंडने. १९८९ साली ग्लासगो येथे हे नाटक 'द गिड सिस्टर्स' ह्या नावाने स्कॉट्स बोलीत झाले. इंग्रजीच्या शेजारी राहून तिच्याकडून कमी लेखल्या गेलेल्या बोलीला हे दुःख समजावून सांगावे लागले नाही. अनुवाद हा कोशातील शब्दांचा नव्हे, तर समाजातील स्थानांचा असतो, हे तत्त्व ह्याहून नेमकेपणाने पटवून देणारे उदाहरण विरळा.

क्वेबेकच्या पूर्वेस अकादियाचा इतिहास ह्याहून कठोर आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी वसलेला हा फ्रेंच प्रदेश १७१३ च्या तहाने इंग्रजांकडे गेला. १७५५ पासून पुढील काही वर्षांत तेथील दहा हजारांहून अधिक शेतकऱ्यांना गलबतांत भरून किनाऱ्याकिनाऱ्याने पांगवण्यात आले. घरे जाळली गेली, कुटुंबे फुटली. ह्या हद्दपारीचे काव्य मात्र अकादियाच्या भाषेत झाले नाही. ते १८४७ साली लाँगफेलो ह्या अमेरिकन कवीने इंग्रजीत लिहिले. त्याची 'इव्हँजेलिन' ही वियोगिनी नायिका कल्पित होती. १८६५ मध्ये क्वेबेकच्या पांफिल लमे ह्याने त्या काव्याचा फ्रेंच अनुवाद केला आणि अकादियन लोकांनी ह्या उसन्या नायिकेला आपल्या घरात मुलीसारखे स्थान दिले. त्यांचे १८८७ साली निघालेले वृत्तपत्रही तिच्याच नावाचे होते. आपल्या दुःखाचे आख्यान दुसऱ्याच्या भाषेतून, अनुवादाच्या वाटेने स्वीकारावे लागणे, ह्यात कृतज्ञतेइतकीच उणीवही आहे.

ती उणीव आंतोनिन माये हिने भरून काढली. न्यू ब्रन्सविकमधील बुक्तुश ह्या किनाऱ्यावरील गावी १९२९ मध्ये जन्मलेल्या ह्या लेखिकेचे २०२५ साली निधन झाले. तिने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला तो राबले आणि अकादियातील लोकपरंपरा ह्यांच्या संबंधांवर. अशुद्ध म्हणून हेटाळलेल्या कोळ्यांच्या बोलीत सोळाव्या शतकातील ह्या थोर लेखकाचे अनेक शब्द व वाक्प्रचार जिवंत आहेत, हे तिने दाखवले. मुलूख सुटलेल्या माणसांनी जिभेवर जपलेला ऐवज पंडितांनी बिघाड समजून टाकून दिला होता. परंतु मायेचे श्रेष्ठत्व ह्या शोधावर थांबत नाही. १९७१ साली तिने 'ला सागुईन' लिहिले. दुसऱ्यांच्या फरशा पुसून पोट भरणाऱ्या एका वृद्धेची ही स्वगते आहेत. त्यातील एका स्वगतात जनगणनेचे अधिकारी येतात आणि राष्ट्रीयत्व विचारतात. म्हातारी विचार करकरून उत्तर शोधते, आणि जे खरे उत्तर आहे त्यासाठी त्यांच्या यादीत जागाच नसते. प्रेक्षक हसतात, आणि हसता हसता गप्प होतात. पुढे 'पेलाजी-ला-शारेत' ह्या कादंबरीत तिने हद्दपारीची कथाच उलटी फिरवली. येथे वियोगिनी नाही; बैलगाडी जुंपून जॉर्जियापासून किनाऱ्याकिनाऱ्याने दहा वर्षे चालत आपल्या माणसांना परत नेणारी विधवा आहे. १९७९ मध्ये ह्या कादंबरीला गाँकूर पारितोषिक मिळाले. कॅनडाच्या लेखकाला ते प्रथमच मिळत होते.

हद्दपार झालेल्यांपैकी काही जण पुढे लुइझियानात स्थायिक झाले. 'केजन' हे त्यांच्या वंशजांचे नाव 'अकादियन' ह्याच शब्दाचे झिजलेले रूप आहे. तेथे त्यांचा वारसा आजही जगप्रसिद्ध आहे. त्यांचे सारंगीसारखे वाद्य, त्यांची रस्सेदार खाद्ये, त्यांचे उत्सव पाहावयास दुरून लोक येतात. पण १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून इंग्रजीखेरीज शिक्षण बंद केले, घरची भाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा झाल्या, आणि ती मुले आईबाप झाल्यावर आपल्या मुलांशी इंग्रजीच बोलू लागली. १९६८ साली राज्याने फ्रेंचच्या विकासासाठी मंडळ स्थापन केले तोवर एक पिढी निसटली होती. वारसा उरला, वाणी ओसरली. ह्या दोहोंत फरक आहे, हे येथे दुःखद रीतीने स्पष्ट होते.

अर्थात एकट्या वाङ्मयाने कोणतीही भाषा वाचत नाही, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. १९६३ साली कॅनडाने द्विभाषिकतेचा विचार करण्यासाठी आयोग नेमला, त्याच्या दोन अध्यक्षांपैकी एक होता तोच आंद्रे लोरांदो. १९६९ मध्ये राजभाषा-अधिनियमाने केंद्रीय कारभारात दोन्ही भाषांना समान स्थान दिले, आणि त्याच वर्षी न्यू ब्रन्सविक प्रांताने द्विभाषिकत्व स्वीकारले. १९७७ च्या सनदेने क्वेबेकमध्ये शिक्षण, व्यापार व नोकरी ह्यांची सामान्य भाषा फ्रेंच ठरवली. मॅनिटोबाचा १८९० चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली घटनाबाह्य ठरवला, पण मधल्या नव्वद वर्षांत गेलेले कोण परत आणणार? कायदा भाषेला दुकानाचा दरवाजा उघडून देऊ शकतो. आत गेल्यावर बोलावयाचे धैर्य तिला वाङ्मय देते. आणि हेही विसरता कामा नये की, ज्या भूमीवर ह्या दोन युरोपीय भाषांचा कलह चालला ती क्री, मिकमाक आदी लोकांची होती. त्यांच्या भाषांना ह्या दोन्ही भाषांनी सारखेच दूर सारले.

बोलीत लिहिणे म्हणजे व्यापक फ्रेंच जगाशी नाते तोडणे, असा आक्षेप जुना आहे आणि तो पोकळ नाही. माँक्टन शहरात आज तरुण पिढी 'शियाक' बोलते. त्यात फ्रेंच व्याकरणाच्या साच्यात इंग्रजी क्रियापदे बिनदिक्कत बसतात. ही फ्रेंचची नवी फूट की तिचा अखेरचा थांबा, ह्याविषयी जाणत्यांत मतभेद आहेत. फ्रान्स देग्ल ह्या लेखिकेने २०११ च्या 'पूर स्यूर' ह्या मोठ्या कादंबरीत ह्याच प्रश्नाला विषय केले. पात्रे शियाक बोलतात, निवेदन प्रमाण भाषेत चालते, आणि दोहोंची एकमेकींशी चर्चा होते. त्राम्ब्ले काय, माये काय, देग्ल काय, तिघांचेही प्रमाण फ्रेंचवर प्रभुत्व आहे. बोली त्यांनी अज्ञानामुळे लिहिली नाही, निवडली आहे. ज्याला दोन्ही येतात त्याने केलेली निवड ही संपन्नता होय; ज्याला दुसरा पर्यायच ठेवला नाही त्याची तीच बोली म्हणजे कोंडी होय. शुद्धतावाद्यांचे भय ह्या दुसऱ्या स्थितीपुरते खरे आहे, आणि त्यावरचा उपाय बोलीला गप्प करणे हा नसून तिच्या मुलांना चांगली शाळा देणे हा आहे.

इतिहास नाही आणि वाङ्मय नाही, ह्या आरोपाला गार्नोने दिलेले उत्तर आवश्यक होते. त्यावाचून पुढचे पाऊल पडले नसते. पण वारसा सांगून समाजाचे अस्तित्व सिद्ध होत असले, तरी त्याचे आजचे बोलणे ऐकू येत नाही. ते ऐकू आले ते दुकानात अडखळणाऱ्या आईमुळे, तिकिटे चिकटवणाऱ्या बायकांमुळे, आणि जनगणनेच्या यादीत न मावणाऱ्या त्या फरशा पुसणाऱ्या म्हातारीमुळे. ह्यांपैकी कोणीही भाषेचे रक्षण करावयास निघालेले नव्हते. त्यांना फक्त काही सांगावयाचे होते, आणि ते ज्या भाषेत सांगता येत होते तिच्यात सांगण्याची मुभा हवी होती.